बडीशेपेखालची दहाची नोट

मिरज-पंढरपूर रस्त्यावरचा ढाबा. नाव सांगत नाही. शिरढोणपासून नागजपर्यंत सगळीकडं हेच नाटक चालतं, नट तेवढे बदलतात. चार जण जेवून उठायच्या बेतात आहेत. बिल आलंय एक हजार सहाशे चाळीस. पहिला अंक सुरू.

"मी देतो."

"गप बस, मी देतो."

"आईची शपथ हाय, खिशात हात घालायचा नाही."

एक जण वेटरचं मनगट धरतो, दुसरा पहिल्याचा खिसा धरतो, तिसरा मध्ये पडून दोघांना आवरतो आणि चौथा हात धुवायला जातो. चौथा नेहमीच हात धुवायला जातो. अखेर बिल भागतं आणि वेटर बडीशेपेची वाटी घेऊन येतो. हा दुसरा अंक. यात मात्र कुणी कुणाचं मनगट धरत नाही. "टिप मी देतो, तू गप बस" म्हणून आमच्या कवठे महांकाळात दोन माणसं हमरीतुमरीवर आल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

मघाशी शपथा घालणाऱ्यांना आता एकदम मोबाइल आठवतात. कुणीतरी नाइलाजानं खिशात दोन बोटं घालतो. बोटांना पाचशेची लागते, ती परत आत जाते. शंभराची लागते, तीही जाते. शेवटी एक दहाची नोट निघते. पावसात भिजून वाळलेली, मधोमध चिकटपट्टी लावलेली, पेट्रोल पंपावर आणि पानपट्टीवर नाकारली गेलेली. ती बडीशेपेखाली सरकवली जाते. जाता जाता वरची खडीसाखर मूठभर उचलली जाते. हिशेब फिटला.

सरकारी नोकरांना सातवा वेतन आयोग लागला, आठव्याची तयारी सुरू झाली. पेट्रोल शंभरीपार गेलं. टिपचा दर मात्र दहा रुपयेच. वेटरचा अजून पहिलाच आयोग चालू आहे.

●

आता कुणी म्हणेल, दुष्काळी तालुका, माणसाचा हात आखडता असणारच. साफ खोटं. आमचा हात आखडता नाही. सरपंच निवडून आला की जेसीबीच्या सोंडेतून गुलाल आणि फुलं उधळणारे आम्ही. वरातीत बँजोवाल्याच्या कपाळाला नोट चिकटवणारे आम्ही. कुत्र्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावणारे आम्ही. आमच्यात दानत आहे. फक्त ती बघायला चार माणसं लागतात.

काळू-बाळूंचं कवलापूर इथून तासाभराच्या वाटेवर. तमाशाच्या कनातीत ज्यांची बालपणं गेली त्यांना दौलतजादा सांगायला नको. नोट दिली की माइकवरून पुकारा व्हायचा: अमुक गावच्या अमुक पाटलांकडून एक्कावन्न रुपये. पुकारा झाला की शेजारच्या गावचे पाटील एकशे एक काढायचे. पैसे नाचाला मिळायचे की पुकाऱ्याला, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. आता सांगा, ढाब्यावरच्या वेटरला असा पुकारा करता येतो का? "टेबल नंबर सातच्या पाव्हण्यांकडून दहा रुपये, चिकटपट्टीसकट!" असं एकदा जरी माइकवरून ऐकू आलं, तरी दुसऱ्या दिवसापासून टिप शंभरावर जाईल.

दुसरं कारण आहेराच्या वहीत आहे. लग्नात आपण पाचशे एक घालतो ते वहीत लिहिलं जातं, आणि आपल्या पोरीच्या लग्नात ते परत येतात. न आल्यास दहा वर्षं बोललं जातं. आपल्याकडचं सगळं देणं असं वहीवरचं. टिप तेवढी वहीत नाही. वेटर काही आपल्या वास्तुशांतीला येऊन दहा रुपये परत करणार नाही. परत न येणारा पैसा देताना आमच्या बोटांना जो कंप सुटतो, त्याला काटकसर म्हणतात.

●

टिप या शब्दाबद्दल एक विद्वान मला म्हणाले, ती तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत, अर्थ 'तत्परतेची हमी'. ही निव्वळ थाप आहे. असली आद्याक्षरं जोडून शब्द तयार करायची हौस विसाव्या शतकातली, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. आणि तत्परतेची हमी हवी तर पैसे जेवणाआधी द्यायला हवेत. आपण देतो बडीशेपेनंतर. ही कसली हमी, हा तर पंचनामा.

त्यापेक्षा मराठीतलं टिपणं खरं. चिमणी खळ्यावरचा एकेक दाणा टिपते, तसं वेटर दिवसभर टिपतच असतो. आधी ऑर्डर टिपतो, मग टेबलावर सांडलेला रस्सा टिपतो, मग गिऱ्हाइकाची नजर टिपतो की हा बिल मागतोय की आणखी एक भाकरी. शेवटी वाटीतली नोट टिपतो. धान्याची रास पडलेली असते गल्ल्यावर. चिमणीनं दाणे टिपावेत.

●

पण टिपच्या बाबतीत आमच्या मतदारसंघाला कमी लेखू नका. टिप कशी द्यावी या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे डोकं घालावं लागलं, त्याचं मूळ इथं आहे. अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे आमचे आबा, २००५ साली गृहमंत्री असताना डान्स बारवर बंदी आली. तेव्हा ते तासगावचे आमदार होते. पुढं २००९ पासून मतदारसंघ तासगाव-कवठे महांकाळ झाला. तेव्हा आम्हीही त्या इतिहासात उशिरा का होईना दाखल झालो.

त्या बंदीत एक गंमत होती. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट. नाच तोच, गाणं तेच, पण दारावर तीन तारे चमकले की ते सभ्य. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली विचारलं, हा भेद कसा? बंदी रद्द ठरवली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. मग २०१६ साली नवा कायदा आला. नोटा उधळायच्या नाहीत. टिप द्यायचीच तर ती बिलात मिळवायची. पुन्हा कोर्ट. १७ जानेवारी २०१९ रोजी निकाल लागला: उधळण्यावरची बंदी बरोबर, मात्र हातात टिप द्यायला हरकत नाही, ती बिलातूनच द्या हा सरकारचा आग्रह चालणार नाही.

म्हणजे चौदा वर्षांच्या कोर्टबाजीनंतर देशाला कळलं की नोट फेकणं वेगळं आणि देणं वेगळं. हे आमच्या आजीला कोर्टात न जाता ठाऊक होतं. भिकाऱ्याला सुद्धा भाकरी फेकून दिली तर ती पाठीत धपाटा घालायची.

पण निकालात एक बारीक शहाणपण दडलंय, त्याकडं कुणी बघितलं नाही. सरकार म्हणत होतं, टिप बिलात घाला. बिलातला पैसा आधी कुठं जातो? गल्ल्यावर. गल्ला कुणाचा? मालकाचा. म्हणजे बाईच्या अब्रूचं रक्षण करायला निघालेला नियम तिचा पैसा आधी मालकाच्या हाती देत होता. वाट बदलली की वाटा बदलतो, हे लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

आणि उधळण म्हणाल तर ती अजून आमच्याकडं चालते, पण बेदाण्याची. सौद्यात पेटी फोडायची, मूठभर माल बघायचा आणि बघून झाला की उधळायचा. वर्षभर औषधं मारून, शेडवर वाळवून, बायकांनी दाणा दाणा निवडून आणलेला माल पायाखाली. शेतकरी ओरडतात, बाजार समित्या सूचना काढतात. नोट उधळली तर कायदा आडवा येतो. बेदाण्याची गोष्ट वेगळी, त्यावर गांधीजींचा फोटो नाही.

●

आता मूळ मुद्दा. बडीशेपेखालचे दहा रुपये जातात कुठं?

गिऱ्हाइकाला वाटतं वेटरच्या खिशात. काही ठिकाणी तसंच असतं, ज्याचं टेबल त्याची टिप. मग फॅमिली रूमची टेबलं कुणाला आणि संडासाजवळचं टेबल कुणाला, यावर रोज संध्याकाळी मूक महायुद्ध. जो मॅनेजरचा गाववाला, त्याला एसीचा विभाग. जो नवा, त्याला बाहेरची बाजली.

बऱ्याच ठिकाणी मात्र काउंटरवर डबा असतो. दिवसभराची टिप त्यात पडते आणि रात्री किंवा आठवड्यानं डबा फुटतो. ऐकायला छान वाटतं. सहकार चळवळीच्या जिल्ह्यात टिपचीही सहकारी सोसायटी! पण सहकार म्हटल्यावर जे आठवतं, तेच इथंही. सभासद एक आणि संचालक दुसराच.

कॅप्टनचे दोन वाटे, कारण तो कॅप्टन. मॅनेजरचे दोन, कारण डब्याची किल्ली त्याच्याकडं. वेटरचा एक. टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला अर्धा, तोही मूड असेल तर. आत चुलीसमोर भाजून निघणाऱ्या वस्तादाला कुठं मिळतो, कुठं नाही. भाकरी थापणाऱ्या मावशींना नाही. भांड्यांवरच्या मावशींना तर डबा आहे हेच कुणी सांगितलेलं नाही.

तुम्ही टिप दिलीत ती कशावर खूश होऊन? तांबड्या रश्श्यावर. तो वस्तादानं केला. भाकरीवर. ती मावशींनी थापली. ताट लखलखीत होतं. ते आतल्या मोरीत घासलं गेलं. पैसा मिळाला तो त्याला, ज्यानं ते ताट पंधरा पावलं चालवत आणलं. मी वेटरवर जळत नाही. त्या पंधरा पावलांत तो चौदा शिव्या ऐकतो. मी फक्त हिशेब मांडतोय.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' लिहिला, त्यात बलुतेदारीचा सगळा पसारा आहे. खळ्यावर रास पडली की बलुतेदार आपला वाटा न्यायला यायचे. त्यांच्या तीन ओळी: थोरली, मधली, धाकटी. ओळीप्रमाणं वाटा कमी-जास्त. बलुतेदारी म्हणजे रामराज्य नव्हतं. कुणी काय काम करायचं ते जन्मानंच ठरलेलं होतं आणि किती मान मिळायचा तेही. पण त्यात एक गोष्ट होती. बलुतं हा हक्क होता. सुतार खळ्यावर येऊन म्हणू शकायचा, माझं काढा. पाटलाच्या चेहऱ्यावरची खुशी बघून बलुतं ठरत नव्हतं.

आम्ही शंभर वर्षांत मोठी प्रगती केली. ओळी तशाच ठेवल्या, हक्क तेवढा काढून टाकला. डब्याला थोरली ओळ आहे, धाकटी आहे, आणि "माझं काढा" म्हणायची सोय मात्र नाही. म्हणालं तर उत्तर तयार: "टिप हाय ती, पगार नव्हं. मिळतंय तेवढं घे."

शिवाय डब्याला गळती असते. ग्लास फुटला, डब्यातून. गिऱ्हाईक बिल न देता पळालं, डब्यातून. गणपतीची वर्गणी, डब्यातून. म्हणजे धंदा मालकाचा, नफा मालकाचा आणि जोखीम टिपची. विमा कंपन्यांनी या पद्धतीचा अभ्यास करावा.

देवळाची दानपेटी उघडताना चार ट्रस्टी बसतात, नोटांच्या थप्प्या लागतात, वहीवर सह्या होतात. आमच्या गावाचं नावच मुळी महांकाली देवीवरून पडलेलं, तेव्हा दानपेटीची शिस्त आम्हाला कळते. टिपचा डबा उघडताना मात्र एकटा मॅनेजर बसतो, शटर अर्धं ओढून. देवी बिचारी हिशेब मागत नाही, तरी तिला चार साक्षीदार. जे हिशेब मागू शकतात, त्यांना एकही नाही.

●

परमिट रूममध्ये आणखी एक प्राणी असतो. सिनेमात तो बाटल्या हवेत फेकतो, त्याला बारटेंडर म्हणतात. आमच्याकडं तो काउंटरच्या जाळीमागं बसतो आणि त्याला कुणी काहीच म्हणत नाही, कारण तो दिसत नाही. बाटली तो उघडतो, माप तो भरतो, सोडा तो काढतो. टिप मिळते चखणा आणणाऱ्याला. मग त्यानं आपली टिप मापातच शोधली, तर त्याला बेईमानी म्हणतात. आणि मालकानं पगारात माप मारलं तर? त्याला धंदा म्हणतात.

या क्षेत्रात हंगामही असतो. द्राक्षं उतरायला लागली, व्यापारी आले, सौदे ठरले की टेबलावर शंभराच्या नोटा दिसतात. अवकाळी झाली, गारा पडल्या की त्याच टेबलावर फक्त बडीशेप. नेपाळहून, ओडिशातून किंवा जतच्या पलीकडून आलेल्या पोराला द्राक्षबागेतलं काही कळत नाही. पण डाऊनी रोग कधी आला आणि भाव कधी पडला, हे त्याला कृषी सहायकाच्या आधी कळतं. त्याचं नाव आपण विचारत नाही. "ए छोट्या" म्हणतो. छोट्या पस्तिशीचा असतो, गावाकडं त्याचा पोरगा दहावीला असतो.

मालकाचंही ऐकून घेऊ, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. सर्वोच्च न्यायालयानं हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू नको म्हटलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये हायवेवरच्या कितीतरी बारचे दिवे गेले. लोक फूटपट्टी घेऊन रस्ता मोजत फिरले. पुढं परमिट रूमवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला. २०२५ साली परवाना फी वाढली, विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्कही वाढलं, आणि १४ जुलैला राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. मालक म्हणतो, "सगळ्यांना देऊन माझ्या हातात काय उरतंय? पोरांना पगार कुठनं वाढवू? त्यांना टिप मिळती की."

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. सगळी गोम त्यात आहे. टिप ही गिऱ्हाइकाची दानत नाही, ती मालकाची उधारी आहे. न दिलेला पगार मालक टेबलावर ठेवून देतो आणि म्हणतो, पाव्हण्यांनो, जमेल तसा भरा. आपण दहा रुपये टाकतो आणि छाती फुगवून बाहेर पडतो. मालकाची उधारी फेडल्याबद्दल त्यानं खरं तर आपल्याला बडीशेप नव्हे, श्रीखंड द्यायला पाहिजे.

●

याच दुखण्याला अमेरिकेत कायद्याचं रूप आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणं टिप मिळणाऱ्या नोकराला मालकानं ताशी दोन डॉलर तेरा सेंट दिले तरी चालतात, बाकीची भरती टिपमधून. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कित्येक राज्यांनी आपला दर वाढवला, पण केंद्राचा तेवढाच. आमचा दहा रुपयांचा दर एकटाच हट्टी आहे असं मला वाटत होतं. त्याला अमेरिकेत भाऊबंद निघाले. म्हणून तिथं गेलेला आपला भाचा सांगतो, "मामा, इथं वीस टक्के द्यावेच लागतात." आणि इथं आला की तोच भाचा दहाची नोट शोधतो. पाणी बदललं की दानत बदलते.

आपल्याकडं किमान वेतनाच्या कायद्यात टिपची अशी वजावट नाही. कागदावर पगार पुरा द्यायचा आहे. कागद कपाटात आहे, कपाट मालकाच्या खोलीत आहे.

सरकारला वेटरची आठवण येतच नाही असं नाही. आयकर खात्याला आली होती. एका बड्या हॉटेल कंपनीला खात्यानं विचारलं, कार्डावर आलेली टिप तुम्ही नोकरांना वाटता, मग तो पगार धरून कर का कापला नाही? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६ साली निकाल लागला: टिप गिऱ्हाइकानं खुशीनं दिलेली असते, मालक फक्त मधला हात. म्हणून तो पगार नव्हे. कायद्यानं बरोबर. पण पगार नव्हे म्हणजे प्रॉव्हिडंट फंडात धरायची नाही, रजेच्या पैशात धरायची नाही, म्हातारपणात धरायची नाही. घर टिपवर चालतं आणि कागदावर टिप नाहीच.

इंग्रजीत टिपला सभ्य शब्द आहे, ग्रॅच्युइटी. आपल्याकडं ग्रॅच्युइटी म्हणजे कायद्याप्रमाणं साधारण पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर मिळणारी रक्कम. शब्द एकच. वेटरला पहिली ग्रॅच्युइटी दहा-दहा रुपयांनी मिळते आणि दुसरीची वेळ यायच्या आत त्याला दुसऱ्या ढाब्यावर पाठवलं जातं.

शहरातल्या मोठ्या हॉटेलांनी यावर वेगळी युक्ती काढली. बिलातच दहा टक्के सर्व्हिस चार्ज. गिऱ्हाइकाला वाटलं वेटरला मिळतात. वेटरला वाटलं, एवढे पैसे भरल्यावर आता आपल्याला कोण देणार. दोघांचंही वाटणं फुकट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, असा चार्ज आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि दोन संघटनांना एकेक लाखाचा दंडही लावला. आमच्याकडं हा प्रश्न उद्भवलाच नाही. इथं कुणी सर्व्हिस चार्ज लावला असता, तर गिऱ्हाइकांनी हॉटेलचीच सर्व्हिसिंग केली असती.

पण त्याच बिलातला जीएसटी आपण मुकाट भरतो, आणि बोरगावच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले जाताना काचही खाली करत नाही. तिथं कुणी "सेवा आवडली तर द्या" असं म्हणत नाही. आवडीनिवडीची परीक्षा फक्त वेटरला. रस्त्यात खड्डा असला तरी टोल पुरा. रश्श्यात मीठ कमी असलं की टिप कट.

●

शेवटचा घाव क्यूआर कोडनं घातला. पूर्वी बिल तीनशे पंच्याऐंशी व्हायचं, चारशे दिले की पंधरा परत यायचे आणि लाजेखातर वाटीत राहायचे. वेटरचा निम्मा संसार या सुट्ट्या पैशांच्या लाजेवर चालायचा. आता तीनशे पंच्याऐंशी म्हणजे तीनशे पंच्याऐंशी. लाज वाटायला सुट्टे उरलेच नाहीत.

परवा मी मोठेपणा केला. बिलापेक्षा पन्नास रुपये जास्त पाठवले. काउंटरवरचा डबा बोलला, म्हणजे तो बोलणारा डबा, चारशे पस्तीस रुपये प्राप्त झाले. मी वेटरला म्हटलं, "वरचे पन्नास तुमचे बरं का."

तो हसला. "व्हय की मालक."

"मिळतील ना?"

"मिळतील की. ते मालकाच्या खात्यावर पडलेत. मालक त्यांच्या लेकाला पाठवतील. लेक मॅनेजरला सांगंल. मॅनेजर डब्यात लिवंल." जरा थांबून म्हणाला, "तंवर मी असलो तर घेतो."

वाट बदलली की वाटा बदलतो. आधी सांगितलं होतं.

ब्रिटननं यावर कायदा केला, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. टिप पूर्ण नोकरांची, मालकानं त्यातून काही कापायचं नाही. वाटणीचा नियम लिहून दाखवायचा. पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पोचले पाहिजेत, आणि नोंदी तीन वर्षं जपायच्या. म्हणजे थोडक्यात, आपल्या दानपेटीला जे लावतो तेच त्यांनी टिपच्या डब्याला लावलं. साहेबाला जमलं, कारण त्याच्याकडं गाववाला मॅनेजर नसावा.

आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. सोनाराच्या दुकानातला केरकचरा विकत घ्यायचा, जाळायचा, गाळायचा आणि त्यातून सोन्याचा कण काढायचा. झाडलेल्या धुळीत सोनं असतं हे ज्या मुलखाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, त्याला डब्यातल्या चिल्लरमध्ये कुणाचा घाम आहे हे कळू नये?

पुढच्या वेळी उठताना एवढंच विचारा: "डबा कवा फुटतो? आत मावशींना किती?" मोठ्यानं विचारा, काउंटरपर्यंत जाईल असं. शपथा घालताना आवाज असतोच की आपला. आणि द्यायचं ते रोख द्या, हातात द्या.

ता. क. त्या चौथ्याबद्दल माझं मत बदललंय. आपण त्याला चिक्कू म्हणतो, बिलाच्या वेळी हात धुवायला जातो म्हणून. पण हात धुवायचं बेसिन मोरीला लागून असतं. तिथं राखेत आणि साबणात कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या मावशी चौघांपैकी फक्त त्यालाच दिसतात. रोज दिसतात. तेव्हा बिलाचं जाऊ द्या, पण चौथ्या, चिकटपट्टीची ती दहाची नोट निदान तू तरी तिथं दे. आणि जमलं तर बिनचिकटपट्टीची, शंभराची.